बिनआवाजाची तालीम

एप्रिल सरत आला की लातूरच्या आमच्या भागात माणसं हळू बोलू लागतात. कुणाला सांगावं लागत नाही. भाजीवाला गाडा ढकलत येतो, पण ओरडत नाही. दारासमोर थांबून नुसता खाकरतो. शिट्टी व्हायच्या आत कुकरखालचा गॅस बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. इकडे प्रत्येक इमारतीत एक वसतिगृह आहे, त्यात बाहेरगावची पोरं, आणि पोरांच्या मानगुटीवर मेडिकलची परीक्षा. अभ्यासिकेच्या दाराशी चपलांचा ढीग असतो आणि आत चिटपाखरू नसावं अशी शांतता. घरघर असते ती कूलरची.

याच दिवसांत लग्नसराई असते. त्यामुळे लातुरात एक दृश्य दिसतं, ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. वरात वाजत गाजत चौकापर्यंत येते आणि क्लासच्या रस्त्याला लागली की बँड थांबतो. माणसं वाद्यं काखेत मारतात. नवरदेव घोड्यावर, करवल्या घामाघूम, आणि रस्ताभर फक्त टापांचा आवाज. एखादं लहान पोर रडलं तर त्याची आई त्याच्या तोंडावर हात ठेवते. पलीकडच्या चौकात पोचलं की मास्तर क्लॅरिनेट ओठाला लावतो आणि अर्ध्यावर सोडलेलं कडवं तिथूनच पुढे सुरू होतं. वरच्या खिडक्यांतून पोरं बघत असतात. खाली मान घालून परत पुस्तकात जातात.

यंदाही हे दिवस आले आणि आमच्या तालमी मुक्या झाल्या. आम्ही म्हणजे लातूरचा एक वाद्यवृंद. तो मी चालवते. चालवते म्हणजे वाद्यांसाठी रचना बांधते, माणसं जमवते, खुर्च्या मांडते आणि शेवटी सगळ्यांसमोर उभी राहून हात हलवते. सासूबाई हयात होत्या तोवर माझ्या या कामाचं नाव लोकांना सांगायचं टाळत. कंडक्टर म्हटलं की पुढचा प्रश्न कुठल्या आगाराची, असा यायचा. त्यांचं चुकत नव्हतं. मराठवाड्यात या कामाची ओळख तेवढीच होती.

मी मूळची नांदेडची. वडील पोलिसांच्या बँडात होते. संध्याकाळी ड्युटीवरून आले की पाटीवर पाच रेघा ओढून त्यावर काळे ठिपके काढत आणि मला म्हणायला लावत. ते शिकले होते म्हणून मी शिकले, त्यात कौतुकाचं काही नाही. पुढे संगीताची पदवी, काही वर्षं पुण्यात एका वाद्यवृंदात पडेल ते काम, मग लग्न, लातूर, मुलींच्या शाळेत संगीताची नोकरी. शाळेतून बाहेर पडलेल्या मुली व्हायोलिन बासरी सोडून देत होत्या. लग्नाच्या बँडातली माणसं पावसाळाभर बसून असायची. या दोघांना एका खोलीत बसवावं, एवढाच विचार होता. सुट्टीत किनवटच्या वसतिगृहातल्या मुलींना ताशा शिकवायला जाते, तेही याच विचारातून. हातात वाद्य असलं की माणूस वेळेवर येतो. मला वेळेवर येणारी माणसं आवडतात.

खोली आम्हाला अप्पांनी दिली. अप्पा लिंगायत व्यापारी, खाली त्यांचं कापडाचं दुकान, लातुरातल्या अर्ध्या सत्कारांच्या शाली तिथूनच जातात. पहिल्या मजल्यावरचं गोदाम त्यांनी आम्हाला फुकट दिलं. पण वरच्या दोन मजल्यांवर त्यांनीच विद्यार्थी ठेवलेले. त्या वर्षी, म्हणजे ज्या उन्हाळ्याची ही हकिगत आहे त्या वर्षी, परीक्षा तोंडावर आली आणि पोरांच्या पालकांनी अप्पांना घेरलं. अप्पा कपाळावरची विभूती पुसली जाईल इतका घाम पुसत वर आले. म्हणाले, "मॅडम, वाजवायला माझी ना न्हाई. आवाज तेवढा नको."

आम्ही हसलो. अप्पा हसत नव्हते.

आणि नांदेडचा कार्यक्रम तोंडावर होता. माझ्या माहेरच्या गावात, चांगल्या सभागृहात, पहिल्यांदाच. तो बरा झाला असता तर तिथल्या तीन-चार शाळा आमच्याबरोबर काम सुरू करणार होत्या. दुसरी खोली शोधायला वेळ नव्हता, आणि लातुरात परीक्षेच्या दिवसांत दुसरी खोली मिळालीही नसती. म्हणून मी ठरवलं, तालीम करायची, आवाजाविना.

व्हायोलिनचे गज तारांच्या वर बोटभर अंतरावरून फिरायचे. ट्रम्पेटवाल्यांनी तोंडाचा भाग काढून ठेवायचा आणि नुसता श्वास सोडायचा. क्लॅरिनेटची आवाज देणारी पत्ती काढायची. ताशाच्या काड्या स्वतःच्या मांडीवर. पेटीचा भाता बंद, बोटं फक्त पट्ट्यांवर. पहिल्या दिवशी सगळ्यांना वेड्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची एक मुलगी खाली आली, केस विस्कटलेले, डोळे लाल. म्हणाली, पाय आपटल्याचं स्लॅबमधून ऐकू येतं. आम्ही चपला काढल्या आणि पायाचं फक्त बोट हलवायचं ठरवलं.

पण या प्रकाराचा एक फायदा झाला, जो मला वर्षभर ओरडून साधला नव्हता. माणसं माझ्या हाताकडे बघू लागली. दुसरं बघायला काही नव्हतंच. लग्नाच्या बँडातल्या माणसाला समोर उभ्या राहिलेल्या बाईच्या हाताकडे बघायची सवय नसते. तो मास्तरच्या मागे चालतो, मास्तर वाजवील ते धरतो. आमच्याकडे आलेल्या बँडाचे रहीम मास्तर, त्यांचा पुतण्या युनूस हा आमचा ट्रम्पेटवाला, त्यानं मला सुरुवातीलाच हा नियम समजावून दिला होता. मी म्हटलं होतं, काल मास्तरांनी एक अख्खं कडवं गाळलं आणि तुम्ही सगळ्यांनीही गाळलं, असं का? तो म्हणाला, "मास्तर चुकत नसतो, मॅडम. मास्तरनं सोडलं का आमीबी सोडतो. समद्यांनी सोडलं, मंग चुकलं कोण?"

रस्त्यावर हा नियम सोन्याचा आहे. चालत्या वरातीत दुरुस्ती करायला सवड नसते. वाद्यवृंदात मात्र व्हायोलिनच्या मुली त्यांच्या जागी असतात आणि त्या कडवं सोडत नाहीत.

रहीम मास्तर म्हणजे आमची क्लॅरिनेट. साठी ओलांडलेले, सडपातळ, मिशा मेंदीनं लाल. बँडाची टोपी तालमीलाही घालून यायचे. त्यांच्याबरोबर पाच पितळी वाद्यं आली होती. ते गेले असते तर पाचही गेली असती. मुक्या तालमीत त्यांच्याइतकं अचूक कुणी नव्हतं. माझा हात खाली यायच्या आत त्यांचं बोट जागेवर असे. शिकलेल्या मुली घसरत, मास्तर नाही. मी मनात म्हटलं, माणूस म्हातारपणी शिस्तीला लागला.

मग औसा रोडला एका शेतात, गावाबाहेर, फक्त पितळी वाद्यांची एक तालीम घेतली, आवाजासकट. सकाळची वेळ, नांगरून टाकलेली काळी जमीन, ढेकळांवर ठेवलेल्या खुर्च्या डुगडुगत होत्या. ऊन चढायच्या आत उरकायचं होतं, कारण पितळ तापलं की सूर चढतो. मी मागे जाऊन उभी राहिले, लांबून कसं ऐकू येतं ते बघायला. मध्येच मी थांबा म्हणाले. सगळे थांबले. मास्तर वाजवत राहिले. युनूसचं ट्रम्पेट खाली आलेलं दिसलं तेव्हा तेही थांबले, आणि असं दाखवलं की शेवटचा सूर त्यांना पुरा करायचा होता.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. फोन आला की ते युनूसच्या हातात देत. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. एकदा तालमीनंतर जिन्यात ते पुढे होते, मी मागून हाक मारली, दोनदा, मग जोरात. वरची एक खिडकी उघडली, पण मास्तर वळले नाहीत.

दुकानामागच्या बोळात मी त्यांना गाठलं आणि समोर उभी राहून सरळ विचारलं. क्लॅरिनेटच्या पेटीची कडी लावता लावता त्यांनी सांगितलं. उभा जन्म मोठ्या ढोलाच्या शेजारी चालण्यात गेला होता. बारीक आवाज आधी गेले, मग पोरांचे, आता बायकांचे जात होते. व्हायोलिन त्यांना ऐकू येतच नव्हतं, मुली गज फिरवतात एवढं दिसत होतं. बहिऱ्या मास्तरला सुपारी कोण देणार? आणि बँडात मास्तरची टोपी उतरली की माणूस झांजेवर येतो, हे मलाही माहीत होतं.

"कुनाला बोलू नका, मॅडम," ते म्हणाले. "तुमचा हात दिसला की मला समदं ऐकू येतं."

मी हिशेब केला. नांदेडला आम्ही एक भलरी वाजवणार होतो. काढणीला बायका म्हणतात तसली एक चाल घेऊन मी ती बांधली होती. सुरुवात व्हायोलिनची, अगदी हलकी. ती विरत जाते तेव्हा क्लॅरिनेट एकटी उठते, आणि तिच्या मागून पितळ. म्हणजे सगळा डोलारा मास्तरांच्या एका प्रवेशावर. आणि तो प्रवेश त्या माणसाला ऐकून घेता येणार नव्हता. पण हात बघून तो त्यांनी मुक्या तालमीत एकदाही चुकवला नव्हता. त्यांच्या जागी बसवायला दुसरा माणूस नव्हता, ही खरी गोष्ट. मी त्यांची खुर्ची माझ्या अगदी समोर आणली आणि कुणाला काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

कार्यक्रमाच्या दिवशी वाटेत, अहमदपूरच्या पुढे एका मोकळ्या माळावर थांबून सगळ्यांनी मिळून एकदा आवाजासकट वाजवायचं ठरलं होतं. पितळवाले एका लग्नातून परस्पर यायचे होते. नवरदेवाचा मामा रुसला आणि वरात खोळंबली. ते आले तेव्हा सूर्य कलला होता. तशीच गाडी नांदेडला नेली. भलरीला वाद्यवृंदानं पहिल्यांदा एकत्र आवाज दिला तो थेट रंगमंचावर, पाहुण्यांसमोर. हात वर करताना माझ्या तळव्यांना घाम होता. वडील म्हणायचे, घाम आला तर मूठ कर, पुसू नकोस, समोरच्याला दिसतं.

व्हायोलिनं सुरू झाली आणि बरी लागली. खरं म्हणजे छान लागली. मुलींनी इतके दिवस गिळलेला आवाज होता तो. मास्तर पापणी न हलवता माझ्या उजव्या हाताकडे बघत होते.

तेवढ्यात डावीकडून माणसं चढली. पुढे लातूरहून आमच्याबरोबर आलेले अप्पा, हातात शाल आणि नारळ. मागे प्रमुख पाहुणे, त्यांच्या मागे फोटोग्राफर. पाहुण्यांना आणखी एका लग्नात अक्षता टाकायच्या होत्या, आणि सत्कार केल्याशिवाय त्यांना जाऊ देणं अप्पांच्या रक्तात नव्हतं. चालू रचनेत अप्पा माझ्या कानाशी आले. "पाव्हण्याला टाईम न्हाई, मॅडम. तुमी चालू द्या तुमचं."

मी मान हलवून नको म्हणाले. अप्पांनी ती नम्रता समजली. पाहुण्यांनी शाल उघडून माझ्या दोन्ही खांद्यांवर टाकली, ती दंडावरून घसरून हातावर आली, आणि माझा उजवा हात शालीखाली गेला. तो सोडवायला मी झटका दिला. समोरून दिसलं असेल ते एवढंच, की हात नाहीसा झाला, आणि मग शाल एकदम वर उचलली गेली.

मास्तरांनी तो इशारा धरला. क्लॅरिनेट उठली, व्हायोलिनच्या मधोमध, पूर्ण ताकदीनं. मुलींना कानानं कळलं की हे चुकलंय आणि त्या आपल्या जागी वाजवत राहिल्या. पण मास्तर उठले म्हटल्यावर पाचही पितळी वाद्यं उठली, ताशा उठला. एका रंगमंचावर दोन भलऱ्या सुरू झाल्या. पाहुण्यांनी माझ्या मोकळ्या होऊ पाहणाऱ्या हातात नारळ ठेवला आणि फोटोसाठी थांबले.

मास्तरांच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. त्यांना दोन भलऱ्या ऐकूच येत नव्हत्या. दिसत एवढंच होतं, की मुलींचे गज त्यांच्या बोटांशी जुळत नाहीत. ते त्यांना दिसलं तेव्हा मात्र डोळे फिरले. आता ते थांबतील, हे मला कळलं. ते थांबले की पाचही थांबतील आणि नांदेडच्या भरल्या सभागृहात सगळ्यांना समजेल की कोण चुकलं.

मी डाव्या हातानं खूण करून व्हायोलिनं थांबवली आणि नारळासकट उजव्या हातानं पितळाची लय दिली. मास्तरांकडे बघून मान डोलावली, बरोबर आहे, चालू द्या. मुली क्षणभर अधांतरी राहिल्या. मग त्यांचे डोळे नारळावर आले, आणि मुक्या तालमीत जसं हाताबरोबर यायला शिकल्या होत्या तशा आल्या, सगळ्या एकदम, पुढच्या जागेवर. रचनेचा एक तुकडा आम्ही सरळ गाळला. समद्यांनी गाळला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना वाटलं, सत्काराच्या क्षणी ही सलामी मुद्दाम बसवलेली होती. अप्पांनाही तसंच वाटलं. त्यांचे डोळे भरून आले होते. नांदेडच्या शाळा पुढे आमच्याबरोबर आल्या, तो भाग वेगळा.

पडद्यामागे मास्तर क्लॅरिनेट पुसत बसले होते. शेजारी जाऊन उपयोग नव्हता, मी समोर बसले. म्हणाले, "हात गेला, मी गेलो." मी म्हणाले, "मास्तर, आता मी तुम्हाला पुढं बसवू शकत नाही." त्यांनी ओठ वाचले आणि पुसायचं थांबवलं. मागे बसून क्लॅरिनेट वाजत नसते, असं म्हणाले. तेही खरंच होतं.

कानाच्या डॉक्टरकडे मी त्यांना नेलं. यंत्र मिळालं. पितळ म्हणजे पत्र्यावर गोटे पडल्यासारखं ऐकू येतं म्हणून त्यांनी ते क्लॅरिनेटच्या पत्त्यांच्या डबीत ठेवून दिलं. घरी आणि बँडात त्यांनी सांगितलं की दम लागतो, फुंकर पुरत नाही. फुंकून फुंकून छाती गेली हे मास्तरला शोभणारं दुखणं आहे. टोपी युनूसच्या डोक्यावर गेली, मानानं, हार घालून. मी युनूसला एकदा चाचपून बघितलं, चाचांना नक्की काय होतंय म्हणून. तो ट्रम्पेटमधलं पाणी झटकत राहिला. मग म्हणाला, "मास्तर दम म्हनतेत, मॅडम. तर दम." पुढे मी विचारलं नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. आमच्या तालमी आवाजात चालल्या, कार्यक्रम झाले, कंधारकडचा एक तरुण क्लॅरिनेटला आला. आणि पुढच्या वर्षी परीक्षेचे दिवस आले, अप्पा पुन्हा घाम पुसत वर आले, तालमी मुक्या झाल्या. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मास्तर जिना चढून आले. काखेत क्लॅरिनेटची पेटी. आवाज नाही तोवर येऊ का, एवढंच विचारलं. मी तरुणाला एक खुर्ची बाजूला सरकवलं.

तेव्हापासून हे असंच आहे. परीक्षेआधीचे काही आठवडे मास्तर आमच्यात असतात. परीक्षा झाली की आवाज सुरू होतो आणि ते येत नाहीत. नव्या मुलींना ते कोण आहेत ते नीट माहीत नाही. हे आजोबा कधीच चुकत नाहीत एवढंच त्या म्हणतात. मी त्यात काही दयामाया केली असं नाही. मुक्या तालमीत त्यांच्यासारखा माणूस समोर असला की बाकीचे सरळ होतात.

यंदा परवा अप्पा बातमी घेऊन वर आले. परीक्षा पुढं जाणार, गावभर झालंय. एका मुलीचा भाऊ परीक्षेला बसलाय, ती तिथेच रडायला लागली. पोरांना खोल्या आणखी किती दिवस द्याव्या लागतील, याचं अप्पा बोलू लागले. मास्तरांनी अप्पांचे ओठ वाचले असावेत, कारण खाली बोळात मला थांबवून विचारलं, किती दिवस पुढं? मी म्हटलं, नक्की नाही. ते म्हणाले, महिनाभर गेली तर बरं. मग जरा ओशाळले. "पोरांचं वाईट हाय, मॅडम. येवढ्या उन्हात." अख्ख्या लातुरात त्या बातमीवर खूश असलेला तो एकटा माणूस होता.

आज सकाळच्या पेपरात आलं, अफवा खोटी. परीक्षा येत्या रविवारीच. अप्पांनी पेपर गल्ल्यावर उघडा ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. मास्तर मराठी वाचत नाहीत.

मी वर गेले तेव्हा ते एकटेच आले होते. कूलरची घरघर चालू होती. खुर्ची त्यांनी स्वतः मांडली होती, माझ्या समोर, आणि पत्ती काढून रुमालात ठेवली होती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी, आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं, मास्तर, परीक्षा रविवारीच आहे.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. ओठ हलायचे थांबल्यावरही बघत राहिले. जिन्यावर मुलींच्या चपला काढल्याचे आवाज आले.

"हाव," ते म्हणाले. "मंग आज तालीम दोन बार घ्या."

मुली येऊन बसल्या. मी हात वर केला.